२४०० मीटर : अंतर तेच, मैदान वेगळं (मोठ्या रेसेस आणि रेसकोर्सेसबद्दल)

लगाम

रेसचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, आज कुठला घोडा येणार. दुसरा प्रश्न जॉकी कोण. मैदानाबद्दल कोणी विचारतच नाही, आणि मला इतकी वर्षं रेस बघून हीच गोष्ट सगळ्यात जास्त पटलीय की आधी मैदान बघायचं, मग घोडा. म्हणून हा धागा काढतोय, ज्यांना आवड आहे त्यांनी भर घाला.

२४०० मीटर हे अंतर घ्या. आपली महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची. इंग्लंडमधल्या एप्समची डर्बी, पॅरिसची आर्क, न्यूयॉर्कची बेलमाँट (२०२३ पर्यंतची), टोकियोची जपान कप, सगळ्या साधारण याच अंतराच्या, म्हणजे कागदावर एकच रेस. आता वेळा बघा. जपान कपमध्ये २०१८ साली आल्मंड आय ही घोडी २ मिनिटं २०.६ सेकंदांत आली. बेलमाँटला १९७३ साली सेक्रेटेरिएट २ मिनिटं २४ सेकंदांत, तेही मातीच्या ट्रॅकवर. लाँगशाँला, म्हणजे आर्कच्या मैदानावर, २०११ साली डेनड्रीम २ मिनिटं २४.४९. आणि एप्समच्या डर्बीचा विक्रम वर्कफोर्सचा, २०१०, २ मिनिटं ३१.३३. एप्समचं अंतर नीट मोजलं तर वीसेक मीटर जास्त भरतं, ते वजा केलं तरी टोकियो आणि एप्सममध्ये नऊ-साडेनऊ सेकंदांचा फरक राहतो. एका सेकंदात घोडा पाच-सहा लेंथ (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जातो, तेव्हा हा फरक किती झाला ते तुम्हीच बघा. एप्समचे घोडे काय हळू आहेत का? अजिबात नाही, तिथे जमीनच तशी आहे.

एप्समला सपाट असं जवळजवळ काही नाहीच. गेट उघडलं की चढ सुरू, साधारण ४० मीटर उंची चढून जायचं, मग डावीकडे वळत वळत उतार, उताराच्या तळाशी टॅटनम कॉर्नर नावाचं वळण, आणि ते पार करून सरळ पट्टीवर आलात तरी सुटका नाही कारण ती जमीन आतल्या रेलिंगकडे कललेली आहे, थकलेला घोडा आपोआप आत घसरत जातो, आणि अगदी शेवटी परत थोडा चढ. १७८० पासून तिथे डर्बी चालू आहे आणि अडीचशे वर्षं होत आली तरी त्या उताराने भल्याभल्यांना धडा शिकवलाय.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे १९८६ चा डान्सिंग ब्रेव्ह. त्या वर्षीचा सगळ्यात चांगला घोडा, यावर आज फारसा वाद नाही. एप्समला उतारावर त्याचा तोल काही नीट बसला नाही, वळणावरून बाहेर आला तेव्हा तो पार मागे होता, मग जो काय सुटलाय, पण शाहरस्तानीने त्याला अर्ध्या लेंथने हरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाँगशाँला आर्क, तिथेही तो मागेच राहिला आणि शेवटच्या पट्टीत बाहेरून आला, पण तिथली पट्टी ५०० मीटरच्या वर आणि सपाट, तिथे तो सगळ्यांना गिळून पुढे गेला, आणि शाहरस्तानी चौथा. घोडे तेच, अंतरही जवळपास तेच आणि धावायची पद्धतसुद्धा तीच. बदललं ते मैदान. व्हिडिओ मिळाले तर दोन्ही रेसेस लागोपाठ बघा, मी आजही बघतो आणि प्रत्येक वेळी एप्समच्या त्या वळणावर श्वास रोखला जातो.

निशिगंध

फार सुंदर लिहिलंय. मी रेस फक्त लोकलमधून बघितलीय, महालक्ष्मी स्टेशन आलं की खिडकीतून हिरवा ट्रॅक दिसायचा तेवढीच 😊 एक बाळबोध प्रश्न, डर्बी म्हणजे नक्की काय? आणि इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते असं वाचलं, इंग्लंडमध्ये मात्र तीन वर्षांच्या, असं का?

लगाम

निशिगंध, प्रश्न बाळबोध वगैरे नाही, बरेच नियमित जाणारेही यात गोंधळतात.

डर्बी ही एकाच वयाच्या घोड्यांची रेस, आयुष्यात एकदाच संधी. सगळ्यांना वजन सारखं (थोडी सूट मिळते ती फक्त घोडीला). म्हणजे हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन) नाही, जो खरा चांगला तो जिंकणार. आता वयाचं असं आहे की आपला मुंबईचा सीझन हिवाळ्यात असतो आणि घोड्याचं वय १ जानेवारीला एकाने वाढतं, मग तो कुठल्याही महिन्यात जन्मलेला असो. डिसेंबरमध्ये गिनीज नावाच्या रेसेस होतात १६०० मीटरच्या, तेव्हा ही बॅच तीन वर्षांची असते, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बी, तेव्हा तीच बॅच कागदावर चार वर्षांची झालेली. इंग्लंडमध्ये डर्बी जूनमध्ये असते म्हणून तीन वर्षांचे. मग आपल्याकडे सप्टेंबरात पुण्याला सेंट लेजर, २८०० मीटर. टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर तिन्ही जिंकला की ट्रिपल क्राऊन. रशीद बायरामजींनी तयार केलेला स्क्वॉन्डरर हा सत्तरच्या दशकातला असाच घोडा, जुने लोक त्याचं नाव काढलं की अजून उठून बसतात.

पहिली इंडियन डर्बी १९४३ ची, आणि ती जिंकली प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने. हे मला फार आवडतं.

कॅम्पातला

सेंट लेजरचा उल्लेख केलात म्हणून लिहितो, पुण्याच्या रेसकोर्सची कोणी दखलच घेत नाही. मुंबईत पावसाळ्यात रेस बंद, तेव्हा सगळा कारभार जुलै ते ऑक्टोबर इकडे. जमीन लष्कराची. कॅम्पात सकाळी घोड्यांच्या टापांनी जाग येणारी पिढी आहे आमची. पावसाने ट्रॅक मऊ झाला की हिशेब पार बदलतो, मुंबईत कडक ट्रॅकवर चमकलेला घोडा इथे चिखलात पाय उचलत नाही आणि तिकडे कोणी न विचारलेला इथे आरामात जिंकून जातो. तुमचा मुद्दा पुण्याइतका कुठेच स्पष्ट दिसत नाही.

शिवाय पुण्याच्या आसपास स्टड फार्म (घोड्यांची पैदास होते ती) किती आहेत. पूनावालांचा स्टड १९४६ पासून. सिरमची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असावी, रेसमधून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, तिथे त्यांच्या रक्तातून सिरम काढायचे, त्यावरून सायरस पूनावालांनी विचार केला की हे आपणच का करू नये, आणि १९६६ ला सिरम इन्स्टिट्यूट. जगाला लशी पुरवणारी कंपनी रेसच्या घोड्यांमधून उभी राहिली.

मेलबर्नवाली

धागा बघून राहवलं नाही! आमच्या इथे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची चक्क सरकारी सुट्टी असते, रेससाठी सुट्टी हे मी भारतातल्या नातेवाइकांना सांगते तेव्हा कोणाला खरं वाटत नाही. ऑफिसात आधी स्वीप काढतात, २४ घोड्यांच्या २४ चिठ्ठ्या, ज्याला जो निघेल तो, त्यामुळे ज्यांना रेसमधलं ओ की ठो कळत नाही तेसुद्धा त्या तीन-सव्वातीन मिनिटांत टीव्हीसमोर उभे राहून ओरडत असतात. फ्लेमिंग्टनला गुलाब फुललेले असतात, ट्रेन थेट कोर्सच्या दारात जाते.

लगाम, तुमच्या धाग्यात मिशेल पेनचं नाव आलंच पाहिजे. २०१५, घोडा प्रिन्स ऑफ पेन्झन्स, भाव १०० ला १, आणि ती मेलबर्न कप जिंकणारी पहिली बाई जॉकी. घोड्याचा मोतद्दार तिचा सख्खा भाऊ स्टीव्ही, त्याला डाऊन सिंड्रोम आहे, गेटचा नंबर काढायला तोच गेला आणि त्याने १ नंबर काढला. रेसनंतर दोघं भेटतात ते दृश्य मी कितीही वेळा बघू शकते.

लगाम

मेलबर्नवाली ताई, अगदी बरोबर, आणि यातूनच पुढचा मुद्दा निघतो. मेलबर्न कप हँडिकॅप आहे, ३२०० मीटर. म्हणजे जितका घोडा चांगला तितकं त्याच्या पाठीवर जास्त वजन. फार लॅप नावाच्या घोड्याने १९३० साली ६२.६ किलो घेऊन कप जिंकला, पुढच्या वर्षी त्याच्यावर ६८ किलो लादले आणि तो आठवा आला. ६८! काही लोक म्हणतात हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्याला शिक्षा. मला तसं वाटत नाही, प्रिन्स ऑफ पेन्झन्ससारख्याला संधी मिळते ती त्यामुळेच. पण मकाइबी दिवा या घोडीने २००३, ०४, ०५ असं तीनदा लागोपाठ कप मारला, दर वर्षी वजन वाढत असताना, त्याला मात्र तोड नाही.

इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलचंही तसंच, तीही हँडिकॅप, वर ३० उड्या आणि जवळजवळ ७ किलोमीटर. रेड रम हा घोडा ती १९७३, ७४ आणि ७७ असा तीनदा जिंकला. २०२१ साली रेचल ब्लॅकमोर ती जिंकणारी पहिली बाई जॉकी. ती रेस मात्र मी दर वेळी धास्तावून बघतो. २०२४ पासून त्यांनी घोडे ४० वरून ३४ वर आणले ते फार आधी करायला हवं होतं असं माझं मत आहे. मेलबर्नलाही २०२० मध्ये अँथनी व्हॅन डाइक हा घोडा गेल्यानंतर बाहेरून येणाऱ्या घोड्यांच्या पायांचे स्कॅन सक्तीचे झाले. ज्याला घोड्यावर प्रेम आहे त्याने हे नियम कडक व्हावेत म्हणूनच बोललं पाहिजे.

पूर्वेकडून

मी जपानात असतो, इकडचं थोडं सांगतो. वर्षाअखेरीस नाकायामाला अरिमा किनेन नावाची रेस असते, तिथे कुठले घोडे धावणार यासाठी लोक मतं देतात. घोड्यांची निवडणूक! आणि आर्क हे इथलं राष्ट्रीय दुखणं आहे. १९९९ ला इथला घोडा एल कोंडोर पासा दुसरा. २००६ ला डीप इम्पॅक्ट तिसरा आला आणि नंतर तोही निकाल रद्द. २०१२ ला ऑर्फेव्हरने शेवटच्या पट्टीत सगळ्यांना मागे टाकलं होतं, रेस खिशात, आणि मग तो आत रेलिंगकडे वळत गेला, वेग कमी झाला आणि सोलेमिया या घोडीने त्याला रेषेवर गाठलं. पुढच्या वर्षी परत दुसरा. आजपर्यंत एकाही जपानी घोड्याला आर्क मिळालेली नाही.

आणि दुसरीकडे हारू उरारा. कोची नावाच्या लहानशा कोर्सवरची घोडी, ११३ रेसेस, एकही विजय नाही. देशभर लोक तिच्यावर जीव टाकायचे. तिच्यावरची तिकिटं कधी लागायची नाहीतच, आणि जपानीत तिकीट लागणं आणि गाडीची धडक लागणं याला एकच शब्द, म्हणून लोक ती गाडीत ठेवायचे, अपघाताची पाळी लागू नये म्हणून.

लगाम

पूर्वेकडून, हे वाचून खूप बरं वाटलं. ऑर्फेव्हरची ती रेस मी विसरू शकत नाही. आणि बघा, परत मैदानच. टोकियोचा ट्रॅक कडक, वेगवान, तिथे घोडे २ मिनिटं २० सेकंदांसाठी तयार होतात. ऑक्टोबरातलं लाँगशाँ बहुधा ओलं, गवत खोल, मधे १० मीटरचा चढ, मग उतार, मग तो फसवा सरळ पट्टा जिथे जॉकीला वाटतं की आली शेवटची पट्टी आणि तो घाई करतो, खरी पट्टी अजून पुढेच असते. जपानी घोडे कमी पडत नाहीत, त्यांना ज्या जमिनीवर वाढवलंय ती वेगळी आहे. माझी मनापासून इच्छा आहे की एकदा तरी जिंकावं त्यांनी.

बेलमाँटबद्दल वर राहून गेलं. तो ट्रॅकच दीड मैलाचा, म्हणजे २४०० मीटरची रेस म्हणजे बरोबर एक फेरी, आणि वळणं एवढी मोठी की जॉकीला आपण कुठे आहोत याचा अंदाजच येत नाही. केंटकी डर्बीला २००० मीटर धावलेले घोडे तिथे शेवटच्या ४०० मीटरला पाय ओढायला लागतात. सेक्रेटेरिएटने मात्र केंटकीला प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा जास्त वेगात मारला होता आणि बेलमाँटला तो ३१ लेंथने जिंकला, कॅमेऱ्याला बाकीचे घोडे दाखवायला फ्रेम मोठी करावी लागली. आता बेलमाँट पार्क नव्याने बांधतायत म्हणून २०२४ पासून ती रेस साराटोगाला हलवली आणि अंतर २००० केलं. नाव तेच, पण ती रेस ती नाही, माझ्या लेखी तरी नाही.

हिशेबनीस

सगळं छान आहे पण कोणी बोलत नाही ते मी बोलतो. शेवटी हा जुगार आहे. आमच्या घरातल्या एका माणसाने पगाराच्या पगार टोटच्या (पैसे लावायच्या) खिडकीवर घातले, घर विकायची वेळ आली. गवत किती खोल आणि वळण किती मोठं याच्याशी त्याच्या बायकोला काही देणंघेणं नव्हतं.

लगाम

हिशेबनीस, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, हे बोललंच पाहिजे. मीसुद्धा अशी घरं बघितलीत.

कायद्याचं म्हणाल तर १९९६ साली सुप्रीम कोर्टाने लक्ष्मणन खटल्यात सांगितलं की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ, म्हणून जुगाराच्या व्याख्येत येत नाही. पण कोर्टाने म्हटलं म्हणून खिसा वाचत नाही. टोटचं गणित साधं आहे, सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी गोळा होतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा आधी बाजूला काढतात, उरतं ते जिंकणारे वाटून घेतात. म्हणजे खेळणारे सगळे मिळून कायम तोट्यातच. त्यात पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. नोकरदार माणसाने यातून कमाई होईल असं स्वप्नातही धरू नये, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. दुबई वर्ल्ड कप बघा, तिथल्या मेदान नावाच्या रेसकोर्सवर स्टँड भरलेले असतात आणि तिथे बेटिंगला परवानगीच नाही. रेस बघायला पैसे लावावे लागत नाहीत.

हिशेबनीस

हे पटलं. दुबईचं माहीत नव्हतं.

गिरगावकर

महालक्ष्मीचं काय झालं शेवटी? पार्क होणार म्हणतात. मला विचाराल तर चांगलंच आहे, मुंबईत मोकळा श्वास घ्यायला जागा कुठे आहे? इतकी मोठी जागा मूठभर लोकांच्या शौकासाठी का?

लगाम

गिरगावकर, तुमची बाजू मला समजते, सकाळी चालायला येणाऱ्यांमुळेच ती जागा वर्षभर जिवंत राहते.

झालं असं की भाडेपट्टा २०१३ ला संपला, मग दहा-अकरा वर्षं लोंबकळत राहिलं, आणि २०२४ मध्ये ठरलं की साधारण २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेला सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर रेस क्लबकडे २०५३ पर्यंत. ट्रॅक आहे तिथेच राहतो. मला हा तोडगा मान्य आहे, उद्यान जरूर व्हावं. माझा आग्रह एवढाच की ट्रॅकला धक्का लागू नये, त्याच्या पाण्याच्या निचऱ्याला हात लागू नये. १८८३ ला दलदल भरून केलेलं मैदान आहे ते, तिथलं गवत आणि खालची जमीन बसायला पिढ्या गेल्यात.

कारण एकदा गेलं की परत येत नाही. मकावचं रेसिंग २०२४ च्या मार्चअखेरीस संपलं. सिंगापूरला १८४२ पासून रेसिंग, ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या क्रांजी रेसकोर्सवर शेवटची रेस झाली आणि जागा घरांसाठी सरकारकडे. चेन्नईत गिंडी रेसकोर्सचा भाडेपट्टा त्याच वर्षी सरकारने रद्द केला, प्रकरण कोर्टात गेलं. प्रत्येक शहराचं म्हणणं तेच असतं की जागा सोन्याच्या भावाची आहे, आणि ते खोटं नाही. पण इंडियन डर्बी उचलून शहराबाहेर कुठल्या तरी नव्या ट्रॅकवर नेली तर ती इंडियन डर्बी राहणार नाही. पेसी श्रॉफ जॉकी म्हणून आठ वेळा डर्बी जिंकले ते याच वळणांवर, कुठे थांबायचं आणि कुठून सुटायचं हे त्यांना याच जमिनीवर कळलं, आणि पुढे ट्रेनर म्हणूनही ते इथेच जिंकले. हे ज्ञान ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

गिरगावकर

ट्रॅक आणि उद्यान दोन्ही राहत असेल तर माझी हरकत नाही. निचऱ्याचा मुद्दा डोक्यात आला नव्हता.

निशिगंध

आता प्रत्यक्ष बघावंसं वाटतंय! एक पैसाही लावणार नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने काय बघायचं?

लगाम

सरळ पॅडॉकपाशी जाऊन उभ्या राहा, रेसच्या वीसेक मिनिटं आधी. मोतद्दार घोड्यांना गोल फिरवत असतात. मागचा पाय कुठे पडतो ते बघा, पुढच्या खुराने जिथे ठसा उमटवला त्याच्या पुढे मागचा खूर पडत असेल तर तो घोडा मोकळा चालतोय. कान पुढे असावेत. मानेवर थोडा घाम चालतो, उकाडाच असतो, पण मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आला असेल आणि घोडा सारखा मोतद्दाराला ओढत असेल तर त्याची अर्धी रेस तिथेच संपली. मग जॉकी चढतात, घोडे ट्रॅकवर जातात, तेव्हा स्टँडमध्ये न जाता रेलिंगला या. शेवटच्या २०० मीटरच्या आसपास उभं राहिलं तर आवाज आधी येतो, मग जमीन पायाखाली हलते, घोडे नंतर दिसतात. टीव्हीवर हे अजिबात कळत नाही.

डर्बीच्या दिवशी पहिल्यांदा जाऊ नका, टोप्या आणि कॅमेरे एवढे असतात की पॅडॉक दिसतच नाही. डिसेंबरमधला एखादा साधा रविवार बघा.

कॅम्पातला

किंवा ऑगस्टमध्ये पुण्याला या. गर्दी कमी, रेलिंगला जागा मिळते, फक्त छत्रीऐवजी रेनकोट आणा, छत्री उघडली की घोडे बिचकतात.

निशिगंध

मग ऑगस्टच. आईलाही आणते.